खिशातील इशारा रानात पोहोचावा

सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून गोदावरीत प्रचंड पाणी सोडावे लागले व पैठणच्या नदीकाठची हजारो माणसे हलवावी लागली. पुराची पूर्वसूचना निदान धरणावरून तरी मिळते. विजेची मिळत नसे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपने ही उणीव बरीच भरून काढली आहे. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरांच्या टापूतील विजेचा इशारा स्मार्टफोनवर मिळतो. परंतु फोन मालकाच्या खिशात आणि मजूर उघड्या रानात, अशी स्थिती असल्यास त्या इशाऱ्याचा उपयोग तो काय?

आमचे स्पष्ट मत असे की, इशारा येताच काम थांबवून सर्वांस पक्क्या घरात बोलावणे हे जमीनधारकाचे कर्तव्यच होय. मजुरी बुडेल ह्या भीतीने कोणी रानात अगर झाडाखाली थांबू नये, म्हणून तेवढ्या वेळाची मजुरी मालकाने खुशीने द्यावी. वादळात विद्युत्पुरवठा खंडित होतो. सबब आभाळ भरून येताच फोन चार्ज करून ठेवावा. ११२ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक घरातील मुलाबाळांस पाठ असावे. एवढी दक्षता प्रत्येक शेतकरी बंधूने ह्या पावसाळ्यापासूनच घ्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.