जुन्या मोटारींचा लिलाव आणि वालचंदशेठांचा वारसा

२०२३ सालच्या जानेवारी महिन्यात बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आपल्या काही सभासद मित्रांसमवेत आला. हिरवळीवर ओळीने उभ्या राहिलेल्या त्या मोटारी, त्यांचे पितळी दिवे, आरशासारखे लख्ख पत्रे, आणि हातात मऊ फडके घेऊन त्यांच्या आसपास घुटमळणारे मालक, हे सारे दृश्य खरोखरच प्रेक्षणीय होते. परतीच्या प्रवासात वापी स्टेशन येईपर्यंत आमच्यात दुसरा विषय निघाला नाही. एका मित्राने तर तेथल्या तेथेच योजना मांडली : आपल्या सिल्वासा-सुरंगीच्या परिसरात असेच एक प्रदर्शन भरवावे, मोटारींच्या जोडीला जुनी विमाने आणून मांडावीत, आणि शेवटच्या दिवशी लिलाव पुकारावा, खर्च निघून चार पैसे मंडळाच्या पदरी पडतील.

कल्पना उत्तम आहे. तिला माझा विरोध असण्याचे कारणच नाही. परंतु ही योजना पुन्हा चर्चेस येण्यापूर्वी त्या प्रदर्शनाच्या मध्यभागी काय मांडावयाचे, याचा विचार आपण व्यापारी मंडळींनी करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

असे प्रदर्शन जगात कोठे उत्तम भरत असेल, तर ते इंग्लंडात ससेक्स परगण्यातील गुडवुड येथे. दुसऱ्या महायुद्धात तेथे लढाऊ विमानांचा तळ होता. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये त्याच तळाच्या कडेच्या रस्त्यावर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, १९६६ मध्ये त्या बंद पडल्या, आणि १९९८ पासून जुन्या मोटारींचा वार्षिक मेळावा तेथे भरू लागला. प्रेक्षकसुद्धा जुन्या काळचा पोशाख करून येतात. गवतावर जुनी विमाने उभी असतात, त्यांतली काही आकाशात उडतात, आणि एका तंबूत लिलाव चाललेला असतो. इंग्रज माणूस आपल्या भूतकाळाचा बाजार कसा मांडतो, हे शिकण्याजोगे आहे. पण त्या मेळाव्यात तो मुख्यतः स्वतःच्याच वस्तू मांडतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ती विमाने त्याच भूमीवरून उडालेल्या जातीची आणि त्या मोटारी त्याच रस्त्यावर धावलेल्या जातीच्या असतात.

आता लिलावाविषयी. मे २०२२ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मर्सिडीज कंपनीची १९५५ सालची एक मोटार साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. त्या वेळच्या दराने आपल्या चलनात ही रक्कम अकराशे कोटी रुपयांच्या आसपास जात होती. आजवर कोणत्याही मोटारीला लिलावात याहून अधिक किंमत आल्याचे ऐकिवात नव्हते. त्या नमुन्याच्या अवघ्या दोनच मोटारी घडल्या होत्या आणि दोन्ही कारखान्याच्याच ताब्यात होत्या. आलेली रक्कम कंपनीने तरुणांच्या शिक्षणासाठी व संशोधनासाठी निधी म्हणून बाजूला ठेवली. एवढी किंमत पत्र्याला आली असे कोणी समजू नये. ती मोटार कोणी आखली, कोणत्या सांगाड्यावर बांधली, कोणी चालविली, कधी दुरुस्त झाली, याचा कागद न् कागद हजर होता. जुन्या वस्तूच्या व्यापारात कागद हाच माल असतो. गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांक आणि यंत्रावरील क्रमांक दप्तराशी जुळला तर भाव शतपट, न जुळला तर तीच वस्तू मोडीत. सोन्यावरच्या छापाला आपल्या बाजारात जे महत्त्व, तेच येथे वहीतील नोंदीला आहे.

बोली हा प्रकार आपल्या समाजास नवा नाही. पर्युषणात स्वप्नांच्या बोलीत तुपाचे मण चढत जातात तेव्हा बोलणाऱ्याच्या घरी तूप येत नाही, हे लहान मूलही जाणते. बोलणारा देतो आणि मिळतो तो मान. बाजारातील लिलावात मात्र वस्तू घेणाऱ्याच्या कोठारात जाते आणि पुष्कळदा तेथेच कायमची बंद होते. या दोन बोलींमधील अंतर आपल्या इतके कोणास ठाऊक असणार? म्हणूनच लिलावाची व्यवस्था आपल्या हाती आली तर ती थोडी निराळ्या रीतीने व्हावी, अशी माझी अपेक्षा आहे.

आपल्या देशातील जुन्या मोटारी म्हटल्या की राजेरजवाड्यांच्या मोटारी डोळ्यांसमोर येतात. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या कारागिरांकडून जी मोटार बांधवून घेतली, तिची छायाचित्रे जगभरच्या पुस्तकांत आढळतात. मोटार मात्र पूर्वीच अमेरिकेस गेली. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले, आणि अशा कित्येक मोटारी मिळेल त्या किमतीस परदेशी गिऱ्हाइकांच्या हाती लागल्या. निर्यातीवर निर्बंध आले ते पुष्कळ काही हातचे गेल्यावर. याला एक सुखद अपवाद कोल्हापूरचा. तेथे छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात सीमोल्लंघनासाठी बाहेर पडते आणि सारे शहर तिला पाहावयास लोटते. त्या मोटारीला लिलावात काय भाव येईल, हा प्रश्न कोल्हापुरात कोणी विचारीत नाही.

हे राजांचे झाले. परंतु आपण राजे नव्हे, व्यापारी आहोत. आणि मोटार व विमान या दोन्ही वस्तू या देशात घडविण्याचे धाडस प्रथम ज्याने केले तो आपल्यातलाच एक होता, याचे स्मरण आपल्याला असावे तितके नाही. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. तो सोडून ते रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला धाडून त्यांनी परकीय जहाज कंपन्यांना आव्हान दिले. १९३९ साली मोटारींच्या कारखान्याच्या वाटाघाटींसाठी ते अमेरिकेस गेले असता परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांची गाठ पडली. पॉली विमाने बनविण्याच्या धंद्यातले. मोटारीचे बोलणे करावयास गेलेला हा माणूस विमानाचा बेत घेऊन परतला! डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले, आणि १९४१ सालीच तेथे जोडलेले पहिले शिकाऊ विमान उडाले. युद्ध दाराशी येऊन ठेपताच १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. वालचंदशेठांच्या हातून तो गेला, परंतु कारखाना टिकला. आजचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ते हेच.

मोटारीचा हट्टही त्यांनी सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि १९४७ साली तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने जोडलेल्या मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदशेठ निवर्तले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, ज्या मोटारीला पुढे साऱ्या देशाने आपली म्हटले ती फियाट अकराशे तेथे बनू लागली. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेलीतून पोर्तुगीज सत्ता हटली. वर्ष जुळते एवढेच. दोहोंचा संबंध नाही. पण येथे प्रदर्शन भरविणाऱ्यास हा योग सोडवणार नाही.

विमानांची कथा तर याहून विलक्षण आहे. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरच्या कारखान्यातून एच. टी. २ हे शिकाऊ विमान उडाले. ते आखणारे डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर भागातले. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रख्यात शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. आपल्या वायुदलाचे कित्येक वैमानिक याच विमानावर उडावयास शिकले. महायुद्धानंतर कानपूरच्या तळावर परकीयांनी टाकून दिलेली लिबरेटर जातीची प्रचंड बॉम्बफेकी विमाने पडली होती. पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली होती. याच कारखान्याच्या कारागिरांनी ती जेमतेम उडण्याजोगी केली, कॅप्टन जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला उडवीत नेली, आणि चाळीसच्या आसपास विमाने नवी होऊन वायुदलात दाखल झाली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. आज त्यांतील काही विमाने ब्रिटनच्या वायुदल संग्रहालयात, अमेरिकेतील अॅरिझोनाच्या संग्रहालयात आणि कॅनडातही मानाने उभी आहेत. ज्यांनी ती मोडून टाकली होती, त्यांच्याकडेच ती परत गेली. उलट, २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरविणाऱ्या डाकोटा जातीचे उडते विमान आपल्या वायुदलाला पुन्हा लाभावे म्हणून एका भारतीय नागरिकाला ते परदेशात भंगारातून विकत घ्यावे लागले. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ते २०१८ मध्ये ‘परशुराम’ हे नाव घेऊन येथे आले. देणाऱ्याचे औदार्य मोठेच. परंतु आपली स्वतःची डाकोटा विमाने गेली कोठे?

ती भंगारात गेली, आणि फियाटही तेथेच गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, असे समीकरण कित्येक दशके होते. वयाची मर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्यांतील शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. हजारो गाड्यांमधील किती नीट जतन झाल्या, याचा हिशेब कोणी ठेविला आहे काय?

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी स्वतःची कबुली दिलेली बरी. आमच्या वडिलांची नाशिकला कापडाची पेढी होती. त्यांनी फियाटसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिली, तेव्हा १९६३ साली गाडी दारी आली. त्या दिवशी पेढी अर्धा दिवस बंद ठेवून त्यांनी साऱ्या गुमास्त्यांना गाडीतून पंचवटीपर्यंत फिरवून आणले. पुढे आमचा धंदा सिल्वाशास आला आणि गाडीही आली. १९९६ मध्ये गोदामात जागा हवी म्हणून मी ती वजनावर विकली. नोंदणीचे पुस्तक, पैसे भरल्याची पावती, कारखान्याचे पत्र असे सारे कागद एका पत्र्याच्या डब्यात होते. तो डबाही त्याच हातगाडीवर चढविला. बडोद्याच्या त्या हिरवळीवर उभा असताना मला राजांच्या मोटारींहून तो डबाच अधिक आठवत होता.

कायदा आता अनुकूल आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. नवी नोंदणी वीस हजार रुपयांत होते, ती दहा वर्षे टिकते, आणि प्रदर्शन किंवा मेळाव्यासाठी ते वाहन रस्त्यावर आणता येते. गंमत अशी की, पुढच्याच महिन्यात जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही जाहीर झाले. पन्नास वर्षे तग धरील त्याला मान, पण तोवर तग धरावयाचा तो मोडीच्या रेट्यासमोर. १९७०-८० च्या दशकांतल्या पद्मिनी आज नेमक्या या उंबरठ्यावर आहेत, आणि येत्या काही वर्षांत ज्या वाचतील त्याच वाचतील.

येथे आपल्या परिसराचा विशेष उपयोग आहे. जुनी मोटार अडते ती इंजिनापेक्षा किरकोळ वस्तूंपायी : काचेभोवतीची रबरी पट्टी, दाराची मूठ, दिव्याची कड, एखादी झिजलेली चकती. सिल्वासा, सुरंगी आणि वापीच्या कारखान्यांतून साचे बनविणारे, लेथवर काम करणारे, प्लास्टिक व रबर घडविणारे हात मुबलक आहेत. शंभर-दोनशे नगांचे लहान काम मोठा कारखानदार घेत नाही. आपले लहान कारखानदार घेऊ शकतात. हा धर्मादाय नव्हे, धंदा आहे, आणि त्याला गिऱ्हाईक देशभर आहे.

म्हणून माझे मत असे की, प्रदर्शन अवश्य भरवावे. राजांच्या मोटारी पाहुण्या म्हणून बोलवाव्यात. मध्यभागी मात्र कुर्ल्याची फियाट आणि बंगळूरचे एच. टी. २ असावे. विमान मिळविणे कठीण जाईल, सरकारी खात्यांकडे खेटे घालावे लागतील. खेटे घालण्यात आपली मंडळी मागे नाहीत. लिलावात कागदपत्रे पूर्ण असलेलीच वस्तू पुकारावी. घेणाऱ्याने ती पाच वर्षे तरी वर्षातून एकदा लोकांस दाखविण्याचे लेखी मान्य करावे. आणि मंडळाच्या वाट्यास येणारी रक्कम शिलकी खात्यात न टाकता पत्राकाम व रंगकाम शिकणाऱ्या मुलांना द्यावी. अटी पाहून गिऱ्हाईक कमी येतील, असे आमचे खजिनदार म्हणतात. त्यांचे म्हणणे खरेही ठरेल.

तूर्त एवढीच विनंती की, सभासदांनी आपापली गोदामे व पोटमाळे एकदा पाहावेत. फियाट असो, डॉज असो, गाडी नसून तिची नुसती पावती असो, मंडळाच्या कचेरीत कळवावे. मजजवळ गाडी उरलेली नाही. वडिलांच्या १९६३ च्या रोकडमेळाची वही तेवढी आहे. तीत ‘मोटार खाते नावे’ अशी नोंद त्यांच्या हातची आहे, आणि ती वही मी प्रदर्शनासाठी देईन.