ढेकणाचा दंड कामगाराला का?



मागच्या महिन्यात आमच्या कॅम्पच्या जिन्यात एक नोटीस लागली. इंग्रजी, हिंदी आणि बंगालीत. "खोली स्वच्छ ठेवा. ढेकूण सापडला तर खोलीतल्या प्रत्येकाला ५० दिरहम दंड." ती वाचून आमच्या मजल्यावरची पोरं काय म्हणाली? "बरोबरच आहे, शेजारच्या खोलीतले घाणेरडे आहेत." शेजारच्या खोलीतले नेपाळी आमच्याबद्दल तेच म्हणत होते.

मला बोलायचंय ते त्या नोटिशीबद्दल, आणि तिच्यापुढे मान डोलावणाऱ्या आपल्याबद्दलही.

आधी माझी चूक सांगतो. मी सुपरवायझर आहे, डिप्लोमा सिव्हिल, आठ वर्षं दुबईत. दोन वर्षांपूर्वी माझ्या गँगमधला सांगोल्याकडचा एक शटरिंगचा सुतार सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये उभ्या उभ्या झोपला. आठवड्यात तिसऱ्यांदा. मी वॉर्निंग लेटर लिहिलं. "रात्रभर मोबाइल बघतोस का रे?" असंही विचारलं. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत तो बनियन काढून झटकत होता, तेव्हा त्याची पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत लाल गांधी, खाजवून फुटलेल्या. म्हणाला, "साहेब, सांगायला लाज वाटते. लोक म्हणतील गावाकडनं घेऊन आला."

हा माणूस रात्री दोन तास झोपून बाराव्या मजल्याच्या कडेला फळ्या ठोकत होता. पडला असता तर रिपोर्टात मीच लिहिलं असतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. पत्र मी मागे घेतलं. पण झोप न झालेल्या माणसाला मी चार दिवस आळशी समजत होतो, हे काही मागे घेता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. ढेकूण घाणीवर जगत नाही. त्याला खरकटं नको, कचरा नको. त्याचं अन्न एकच, रक्त. पंचतारांकित हॉटेलातही तो होतो. त्याला लागतात दोनच गोष्टी: झोपलेली माणसं आणि लपायला फट. एका खोलीत आठ-दहा माणसं, लोखंडी बंक बेड, त्यांचे पाइप टोकाला उघडे, गाद्यांची शिलाई उसवलेली, स्कर्टिंग भिंतीपासून सुटलेलं, स्विचबोर्डाची प्लेट हललेली. अशी खोली म्हणजे ढेकणाला आमंत्रणच. ह्यातलं कामगाराने काय केलं? बेड कंपनीचा, गादी कंपनीची, भिंत कॅम्पमालकाची.

साइटवर टाइलच्या सांध्यात जरा फट दिसली तरी कन्सल्टंट स्नॅग लिस्टमध्ये लिहितो आणि आपण ती भरून देतो. ज्या इमारती आपण बांधतो तिथे ही शिस्त. मग आपण झोपतो त्या खोलीची स्नॅग लिस्ट कोण काढणार?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. यूएईचा कामगार कायदा, म्हणजे २०२१ चा फेडरल डिक्री-लॉ क्रमांक ३३, याच्या १३व्या कलमात मालकाने परवाना असलेली योग्य राहण्याची जागा द्यायची किंवा घरभाडं द्यायचं, असं म्हटलंय. ५० किंवा जास्त कामगार आणि पगार १५०० दिरहमपेक्षा कमी असेल, तर जागाच द्यावी लागते. झोपायच्या खोलीत माणशी निदान ३ चौरस मीटर जागा हवी. आणि पगारातून काय कापता येतं ते २५व्या कलमात दिलंय. शिस्तभंगाचा दंडही मंत्रालयाने मान्य केलेल्या नियमांनुसारच, तोही पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंतच. गादीत ढेकूण निघणं हा शिस्तभंग कधीपासून झाला?

तुम्ही म्हणाल, "सगळा दोष मालकाचा कसा? आपल्यातही घाण करणारे आहेतच की." आहेत, मान्य. झुरळांचा हिशेब वेगळा आहे. किचनमधली बारकी तपकिरी झुरळं आपल्या खरकट्यावर, तेलकट ओट्यावर वाढतात. रात्री भांडी तशीच ठेवायची, पिठाची पिशवी उघडी टाकायची आणि मग कंपनीच्या नावाने ओरडायचं, हे चालणार नाही. तिथे आपला वाटा आपण उचलायचा. पण ढेकणाला तो हिशेब लावू नका. तो फक्त स्वच्छतेने जात नाही.

ऋतूप्रमाणे काय करायचं ते सांगतो. त्यात आपलं काम कोणतं आणि त्यांचं कोणतं, तेही बघा.

उन्हाळ्यात मोरीतून मोठी झुरळं वर येतात. खोलीतले लोक सुट्टीवर गेले की ड्रेनच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि त्यांना रस्ता मोकळा होतो. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता, हे आपलं काम. बारीक जाळी बसवणं त्यांचं. किचनमध्ये झुरळांची जेल लावली असेल तर तिच्यावर स्प्रे मारू नका, झुरळं मग जेल खायलाच येत नाहीत.

पाऊस इथे थोडाच, पण १६ एप्रिल २०२४ चा विसरलात का? पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते. टायर, ड्रम, एसीखालचे डबे आठवड्याला रिकामे करायचे. आवारात तळं साचलं असेल तर ते उपसणं कंपनीचं काम.

थंडीत ब्लँकेटं निघतात आणि ढेकणांना नवी घरं मिळतात. तसा तो बाराही महिने असतो, कारण उन्हाळ्यात एसी आपल्यासोबत त्यालाही सांभाळतो. दीड-दोन महिन्यांत अंड्याचा मोठा ढेकूण होतो. मोठा ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो, म्हणून 'खोली महिनाभर रिकामी ठेवली' हा उपाय नाही. चादरी-कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुतले तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, आतपर्यंत तेवढी उष्णता पोचत नाही. आणि सुट्टीवर निघताना बॅग खाटेखालून काढून तशीच विमानात नेऊ नका. आईच्या गोधडीत हे कशाला न्यायचं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही जण गुपचूप धान्यात ठेवायच्या गोळ्या आणून खोलीत ठेवतात. हात जोडून सांगतो, ते करू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतं. तो डक्टमधून, फटीतून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर उतारा नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी ठेवलेल्या गोळ्यांनी याच देशात लहान मुलं गेली आहेत. घरात त्या वापरायला इथे बंदी आहे. पण माणूस त्या गोळीपर्यंत का पोचतो? तीन महिने तक्रार करून कुणी फिरकत नाही, वर दंडाची नोटीस लागते, म्हणून. गोळी ठेवणारा चुकतोच. त्याला तिथवर ढकलणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही.

दुकानातला स्प्रेही ढेकणावर फारसा चालत नाही. त्यांना त्या औषधांची सवय झालीये. ते भिंतीत शिरतात, शेजारच्या खोलीत निघतात, आणि बंद एसीच्या खोलीत औषध आपण रात्रभर हुंगतो. २० दिरहम आपलेच गेले.

मग मागायचं काय? एका खोलीचा नाही, बाजूच्या, वरच्या-खालच्या खोल्यांसकट सगळ्या ब्लॉकचा उपचार, एकाच वेळी. परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलकडून. साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, कारण अंडी पहिल्या फवारणीत वाचतात. त्यांच्या सर्व्हिस रिपोर्टची प्रत. उसवलेल्या गाद्या बदलून, बेडच्या पाइपांना टोपणं, फटींना सीलंट. ह्यात चैनीचं काही नाही. एका स्लॅबला दिवसभराचा उशीर झाला तर कंपनीचा याहून जास्त खर्च होतो.

आणि मागायचं कसं? एकट्याने नाही. एकट्याला 'घाणेरडा' म्हणून गप्प करता येतं. नेपाळी, बंगाली, बिहारी, मराठी, सगळ्या खोल्यांच्या सह्या एका कागदावर. काम बंद करू नका, इथे संप बेकायदा आहे आणि त्यात पहिला बळी आपलाच जातो. लेखी अर्ज कॅम्प ऑफिसला आणि कंपनीच्या एचआरला, त्याचा फोटो आपल्याकडे. उत्तर नाही आलं तर मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार.

सुपरवायझर-फोरमन मित्रांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. आपली खोली वेगळी, दोघांत एक, म्हणून गप्प बसू नका. सकाळी डुलकी काढणाऱ्याला पत्र देण्याआधी एकदा त्याच्या खोलीत जाऊन या.

बाकीच्यांनी येत्या रविवारी खाट उलटी करा. गादीची शिलाई, पाइपची टोकं, स्कर्टिंगची फट, सगळ्याचे फोटो काढा, खोली नंबर आणि तारीख लिहा. मग शेजारच्या खोलीचं दार वाजवा आणि त्यांचेही काढा. आमच्या मजल्यावर ११ खोल्यांचे झालेत. अर्ज शनिवारी दिला. दंडाची नोटीस अजून भिंतीवर आहे, पण तिच्या शेजारी आता आमच्या अर्जाची प्रत चिकटवलीये.