ठेंगणेपणाचा दोष रक्तावर ढकलू नका

'आमच्याकडची माणसंच अंगानं लहान' हे वाक्य अंगणवाडीच्या ओट्यावर ऐकू येते आणि विद्यापीठाच्या परिसंवादातही. मुलाची उंची तक्त्यातल्या रेषेखाली राहिली की 'खाण तशी माती' म्हणून आपण मोकळे होतो. या मताला विद्वानांचे पाठबळ आहे, म्हणूनच त्याचा नीट समाचार घेतला पाहिजे.

१९८०च्या सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' ही कल्पना मांडली. शरीर कमी आहाराशी जुळवून घेते, असा विचार संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मेही त्याच काळात मांडत होते. पुढे २०१३ साली अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक कोडे घातले. केरळात बालमृत्यू सेनेगलपेक्षा कितीतरी कमी, तरीही खुजी मुले केरळात जास्त, असे कसे? त्यांचे उत्तर असे की मोजपट्टी चुकीची आहे आणि उंचीतला फरक आनुवंशिक आहे.

उंच आईबापांची मुले बहुधा उंच होतात, हे मान्यच आहे. एकाच गावातल्या दोन मुलांमधला फरक आनुवंशिकतेने बराचसा उलगडतो. पण एका देशाची मुले सरासरीने दुसऱ्या देशाच्या मुलांपेक्षा ठेंगणी का, या प्रश्नाला ते उत्तर पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझीलमधले पेलोटास, घानातले अक्रा, दिल्ली, ओस्लो, मस्कत आणि अमेरिकेतले डेव्हिस इथल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ मोजली. आई धूम्रपान न करणारी, बाळाला अंगावरचे दूध, घरची परिस्थिती बरी, अशीच कुटुंबे निवडली होती. लहान मुलांच्या उंचीतल्या एकूण तफावतीपैकी सुमारे ७० टक्के तफावत एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधली निघाली. ठिकाणाठिकाणांमधली जेमतेम ३ टक्के. आजचे वाढीचे तक्ते २००६ साली आले ते यातूनच.

'दिल्लीची ती मुले सुखवस्तू घरची होती' हा आक्षेप ठरलेला. पण तो आमचीच बाजू भक्कम करतो. परिस्थिती बरी असली की भारतीय मूल नॉर्वेच्या मुलाइतके वाढते, हेच तर सिद्ध करायचे होते. पुढे 'इंटरग्रोथ-२१' या अभ्यासात आठ देशांतल्या निरोगी गर्भवती तपासल्या गेल्या आणि त्यांत आपल्या नागपूरच्या स्त्रिया होत्या. गर्भाची वाढही सगळीकडे जवळपास सारखी आढळली. शिवाय दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. तेवढ्या अवधीत रक्त बदलत नाही, बदलते ती राहणी.

मग केरळ-सेनेगलचे कोडे? लस, दवाखाना आणि सुरक्षित बाळंतपण मूल जगवतात. त्याची वाढ मात्र आईच्या शरीरातून सुरू होते. संशोधक डायेन कॉफी यांनी २०१५ साली दाखवले की गर्भधारणेच्या उंबरठ्यावर भारतातल्या ४२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतात, तर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे साडेसोळा टक्के. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांच्या २०१७च्या अभ्यासात भारतातली पहिलटकर आईची मुले आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांपेक्षा उंच निघाली. उणेपणा दुसऱ्या मुलापासून सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येकागणिक वाढतो. पाठच्या भावंडांचे रक्त तेच असते. वाट्याला येणारी काळजी कमी होते, आणि थोरल्या मुलग्याचे लाड हे त्यामागचे मोठे कारण आहे, असे या दोघींनी दाखवले आहे.

यावर दुसरी घाईची समजूत अशी की बाळाला भरपूर भरवा, बाळसे आले म्हणजे झाले. तीही मला मान्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास करत आहेत. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा बाळाचे वजन पुढे नुसते फुगवले, तर मधुमेहाला वाट करून दिल्यासारखेच. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात ज्यांच्या आया त्यात सापडल्या, त्या मुलग्यांत एकोणिसाव्या वर्षी स्थूलपणाचे प्रमाण जास्त निघाले. पोटातली उपासमार आणि पुढचा लठ्ठपणा यांचे नाते असे जवळचे आहे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: मुलाच्या वाढीची सुरुवात आईच्या ताटापासून करा, आणि तीही दिवस राहण्यापूर्वी. मुंबईच्या झोपडवस्त्यांत 'सरस' प्रकल्पाने स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. सगळ्या बाळांचे सरासरी वजन त्याने वाढले नाही. पण ज्यांनी गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांचे वजन ४८ ग्रॅमनी वाढले, आणि गर्भारपणातला मधुमेहही घटला. ४८ ग्रॅम थोडे वाटतील, पण खाऊ केव्हा सुरू करायचा हे त्यांनी सांगितले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१मध्ये महाराष्ट्रातली ३५.२ टक्के मुले खुजी होती आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. राज्याच्या आदिवासी भागांतली अमृत आहार योजना गर्भवतीला आणि स्तनदा मातेला गरम जेवण देते, हे योग्यच आहे. पण तोवर पहिले महत्त्वाचे आठवडे उलटलेले असतात. किशोरींचे आणि नवविवाहितांचे वजन व रक्त तपासले जावे, सुनेने सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाण्याची रीत मोडावी, लग्न योग्य वयात व्हावे आणि दोन बाळंतपणांत अंतर राहावे. अंगणवाडीत वजनाइतकीच काळजीपूर्वक उंचीही मोजली जावी. रक्ताला दोष दिला की सरकारपासून सासरपर्यंत कुणालाच जाब द्यावा लागत नाही. ही सवलत आता कुणालाही देता कामा नये.