वय अंदाजे सात

"अंदाजे" हा शब्द कागदावर फार दिवस टिकत नाही. मृतदेह पाहणारा म्हणतो, "वय अंदाजे सात." दुसरा माणूस ते रकान्यात उतरवतो तेव्हा "वय : ७" एवढंच उरतं. तिसरा तो कागद घेऊन हरवलेल्यांच्या यादीत शोधायला बसतो, आणि चार वर्षांच्या मुलीचं नाव आलं की पान उलटतो. यात कुणीच खोटं बोललेलं नसतं, तरी उत्तर हुकतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ओळख न पटलेल्या मुलाचं किंवा विशीच्या आतल्या पोराचं वय ठरवायचं शास्त्र वाईट नाही. त्या शास्त्राने दिलेलं उत्तर वापरायची पद्धत मात्र भयंकर आहे. अंदाजाने आधी कुणाकडे बघायचं ते सांगावं. नावं खोडायचं काम त्याला देऊ नये. मी हाडांचा डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी डेटाबेसवर क्वेऱ्या लिहितो. पण इथला घोटाळा क्वेरीचाच आहे, म्हणून तोंड उघडतोय.

आधी एक खरी केस घेऊ.

३१ जुलै १९६०. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात यावापाई काउंटीमध्ये काँग्रेस नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका कोरड्या ओढ्याच्या वाळूत अर्धवट पुरलेला एका लहान मुलीचा मृतदेह सापडला. हातापायांच्या नखांना लाल नेलपॉलिश होतं, आणि पायात मोठ्या माणसाच्या चपला कापून लहान केलेल्या. नाव माहीत नाही, आईबाप माहीत नाहीत. प्रेस्कॉट गावातल्या लोकांनी वर्गणी काढून तिला रीतसर पुरलं. दगडावर काय लिहायचं? "लिटल मिस नोबडी". कुणाचीच नसलेली छोटी मुलगी.

तिचं वय सुरुवातीला साधारण सात धरलं गेलं.

त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलैला, शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावातून शॅरन ली गॅलेगोस नावाची मुलगी पळवली गेली होती. वय चार, म्हणजे पाचवं पूर्ण व्हायला जेमतेम दीड महिना बाकी. आणि गंमत (गंमत कसली, संतापच) अशी की शॅरनचं नाव तपास करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. तिच्याशी तुलना झाली होती! कपड्यांचं वर्णन जुळेना, पावलाचा ठसा जुळेना, वयाचा अंदाजही मोठ्या मुलीचा. तेव्हा ही ती नव्हे, असं ठरलं.

ही तीच होती. २०१८ मध्ये थडगं उघडलं, पुढे टेक्सासमधल्या ओथ्रम या लॅबने डीएनए तपासला आणि १५ मार्च २०२२ रोजी शेरीफच्या ऑफिसने नाव जाहीर केलं. जवळजवळ ६२ वर्षं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मंडळी, १९६० साली डीएनए नव्हता, हे मलाही कळतं. त्या काळच्या पोलिसांना आज झोडपण्यात अर्थ नाही. पण त्यांनी जो तर्क केला तो नीट बघा, कारण तोच तर्क आजही आपण करतो. कपडे ही बदलता येण्यासारखी गोष्ट. मूल पळवणारा ते बदलणारच. उन्हात, वाळूत आठवडाभर पडलेल्या देहाच्या पावलाची तुलना म्हणजे कच्चा पुरावा. आणि वय हा तर अंदाजच. तीन कच्चे पुरावे होते. प्रत्येकाने "बहुधा नसावी" एवढंच म्हटलं असतं तरी मुलगी यादीत राहिली असती, मागे का होईना. पण त्यांचं मिळून एक पक्कं "नाही" तयार झालं. ते काळ्या दगडावरची रेघ झालं.

आता हाडा-दातांकडे येऊ.

लहान मुलांचं वय सांगायला दात सगळ्यात भरवशाचे. दुधाचे दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत पूर्ण येतात, पहिली कायमची दाढ सहाच्या आसपास. शिवाय हिरडीच्या आत कायमचे दात तयार होत असतात, ते एक्स-रेत दिसतात. हाडं मात्र परिस्थितीने मार खातात. मूल उपाशी असेल, आजारी असेल तर उंची खुंटते, हाडं मागे पडतात. दात त्या मानाने आपलं वेळापत्रक पाळतात. एवढं करूनही एखादं वर्ष इकडे-तिकडे होतंच. आणि पाच वर्षांच्या मुलात दोन वर्षांचा फरक म्हणजे अख्ख्या आयुष्याचा चाळीस टक्के भाग!

वय वाढतं तशी ही घड्याळं एकेक करून बंद पडतात. अक्कलदाढ कुणाला सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविशीत, कुणाला येतच नाही. हासळीच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी जुळतं, तेही विशीत केव्हातरी. मोठ्या माणसात तर ओटीपोटाखाली दोन हाडं जिथे पुढे जुळतात तो सांधा बघतात. त्याच्या सहा पायऱ्या असलेली सूची-ब्रूक्स ही पद्धत १९९० मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती जगभर वापरतात. पुरुषांसाठी तिची चौथी पायरी घ्या : सरासरी वय ३५, आणि शंभरातले पंचाण्णव लोक ज्यात बसतात ती मर्यादा २३ ते ५७. पुन्हा वाचा, २३ ते ५७. कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागलेला मुलगा आणि निवृत्तीची वाट बघणारे काका एकाच खणात. शास्त्रज्ञांनी हे लपवलेलं नाही, स्वच्छ छापलंय. ते "३५" करून टाकणारे आपण.

अजून एक मुद्दा आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना तो लगेच कळेल. दातांवरून वय काढायची डेमिर्जियनची पद्धत १९७३ ची. खालच्या जबड्यातले डावीकडचे सात दात, प्रत्येकाच्या आठ अवस्था, त्यांची बेरीज, मग तक्त्यात वय. सुरेख पद्धत. पण तक्ता बनला तो कॅनडातल्या फ्रेंच वंशाच्या मुलांवर, आणि सातही दात पूर्ण झाले की तक्ता सोळाच्या आसपास संपतो. आता त्यात एकोणीस वर्षांचा मुलगा घातला तर? उत्तर सोळाच येणार, कारण पुढे आकडेच नाहीत! ज्या लोकांवर तक्ता बनवला त्यांचंच वय तो नव्या माणसाला चिकटवतो. बोके-आपेल आणि मासे या दोन फ्रेंच संशोधकांनी १९८२ मध्ये जुन्या सांगाड्यांच्या बाबतीत हाच आक्षेप घेतला होता आणि त्या क्षेत्रात खळबळ उडवली होती. मशीन लर्निंगवाले याला ट्रेनिंग डेटाचा दोष म्हणतात आणि त्यावर परिषदा भरवतात. हाडांच्या दुनियेत हे चाळीस वर्षांपूर्वीच सांगून झालंय.

आता माझ्या प्रांतात येऊ. हिशोब शाळेतलाच आहे.

समजा शोधताना पाच गोष्टींची चाळणी लावली : वय, उंची, वजन, वंश, मृत्यूला किती काळ झाला. समजा प्रत्येक अंदाज अगदी इमानदारीने पंचाण्णव टक्के बरोबर आहे आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पाचही अटी "आणि" लावून जोडल्या तर खरं नाव यादीत उरण्याची शक्यता किती? ०.९५ पाच वेळा गुणा. ०.७७ येतं. म्हणजे जवळजवळ चारातलं एक खरं उत्तर आपण स्वतःच्या हाताने फेकून देतो. अंदाज नव्वद टक्के बरोबर असतील तर ०.५९ उरतं, म्हणजे दहातली चार नावं गेली. सगळे तज्ज्ञ हुशार, सगळे प्रामाणिक, आणि तरीही हे नुकसान. "आणि" हा शब्द फार महाग आहे हो.

कागदावरचा हिशोब म्हणून सोडून देऊ नका. १९७६ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियात सापडलेली "बेथ डो". अंदाज १६ ते २२ वर्षं. २०२१ मध्ये ओळख पटली, ती १५ वर्षांची होती. मर्यादेच्या एकच वर्ष बाहेर, पण बाहेर म्हणजे बाहेर. कॉम्प्युटरला "जवळपास" कळत नाही. १९८० मध्ये टेक्सासमध्ये सापडलेली "वॉकर काउंटी जेन डो". अंदाज १४ ते १८, आणि २०२१ मध्ये कळलं की ती १४ ची. अगदी उंबरठ्यावर. अंदाज करणाऱ्याने "थोडं नेमकं सांगू" म्हणून १५ ते १८ लिहिलं असतं तर तीही चाळणीतून गेली असती. नेमकेपणाचा मोह कुठे महागात पडतो ते बघा.

यावर दोन आक्षेप येतील.

पहिला : "चाळणी लावायची नाही तर पोलिसांनी हजार नावं तपासायची का?" नाही. हजार नावांना क्रम लावायचा. अंदाज सात असेल तर सात वर्षांची मुलगी सर्वात वर, सहा-आठ तिच्याखाली, चारची बरीच खाली, चाळीसची तळाशी. पण यादीतून बाहेर कुणीच नाही. रेल्वेची वेटिंग लिस्ट असते तसं, नंबर लांबचा असला तरी नाव कापलं जात नाही. चार वर्षांची शॅरन वयात मागे असती, पण पळवल्याची तारीख दहा दिवस आधीची, राज्य शेजारचं, म्हणून दुसऱ्या बाजूने झपाट्याने वर चढली असती. आणि चुकीची किंमत बघा. चुकीचं नाव यादीत राहिलं तर एका माणसाची एक दुपार जाते. बरोबर नाव गेलं तर ६२ वर्षं जातात. या दोन चुका एका तराजूत तोलणारा माणूस मला अजून भेटायचाय.

दुसरा : "आता डीएनए आलाय, वयाचं काय घेऊन बसलात?" डीएनए आला हे उत्तम झालं, त्यानेच तर शॅरन सापडली. पण डीएनएला दुसऱ्या बाजूला जुळवायला कुणीतरी लागतं. कोणत्या घराचं दार ठोठावायचं हे बऱ्याचदा तो वयाचा रकानाच ठरवतो. जिथे पैसे, लॅब आणि नातेवाइकांचे नमुने नाहीत तिथे आजही सगळी मदार याच रकान्यावर आहे.

आणि असं "तिथे" शोधायला ॲरिझोनाला जायची गरज नाही. पोलीस ठाण्याच्या फलकावर, पेपरात आतल्या पानावर तुम्ही वाचलं असेल : "अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३० ते ३५ वर्षे, रंग सावळा, बांधा सडपातळ." पंचनाम्याच्या वेळी डोळ्यांनी पाहून लिहिलेलं पाच वर्षांचं अंतर! सांधा बघूनही ज्याला २३ ते ५७ म्हणावं लागतं, तिथे नुसत्या नजरेने ३० ते ३५. ज्या आईचा पोरगा चोविसाव्या वर्षी घरातून गेलाय, ती हे वाचून काय करेल? सुटकेचा श्वास टाकेल आणि पेपर घडी करून ठेवेल.

आपल्या कोर्टाला मात्र हे कधीच कळलंय. जया माला खटल्यात १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन वर्षं अलीकडे-पलीकडे चूक धरावी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ९४ वं कलमही आधी शाळेचा दाखला, मग जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी असा क्रम लावतं. आरोपी जिवंत असेल, त्याच्याकडे वकील असेल, तर त्या दोन वर्षांवर तासन् तास युक्तिवाद होतो. मेलेल्या अनोळखी पोराच्या बाजूने उभं राहायला कुणी नसतं, म्हणून त्याच्या अंदाजाला चूक धरायचीच नाही, हा कुठला न्याय? हरवलेल्या आणि अनोळखी मृतांच्या डीएनए नोंदींची तरतूद असलेलं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. म्हणजे तिकडूनही आधार नाही.

तेव्हा मागण्या सांगतो. एकाही मागणीला नवं मशीन लागत नाही.

१. वयाच्या रकान्यात एकच आकडा स्वीकारू नका. किमान आणि कमाल, दोन्ही सक्तीचे.

२. अंदाज कशावरून केला ते त्याच्या शेजारी लिहा. दात, हाडं, की नुसती नजर. नजरेच्या अंदाजाची मर्यादा आपोआप रुंद करा.

३. शोधताना वयाने नावं गाळू नका, क्रम लावा.

४. एखाद्याला "ही ती नव्हे" म्हणून वगळलं तर कारण आणि तारीख लिहा. डीएनए किंवा बोटांचे ठसे जुळले नाहीत, हे पक्कं कारण. बाकी सगळी कारणं कच्ची, आणि नवीन तंत्र आलं की कच्च्या कारणाने वगळलेली नावं सर्वात आधी पुन्हा काढा.

चौथी मागणी मला सगळ्यात मोलाची वाटते. शॅरनच्या बाबतीत तिचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं, पळवल्याची तारीख माहीत होती, तुलनाही झाली होती. पुढच्या साठ वर्षांत तिच्या वयाचा अंदाज सुधारून तीन ते सहा झाला, म्हणजे शॅरन त्यात चपखल बसत होती. जुन्या नकारासमोर "कारण कच्चं" एवढे दोन शब्द असते, तर अंदाज बदलला त्याच दिवशी कुणीतरी ती फाइल पुन्हा उघडली असती.

असो. पटलं तर तुमच्या ओळखीत कुणी पोलिसांसाठी सॉफ्टवेअर लिहीत असेल त्याला एवढं तरी सांगा, की बाबा रे, वयाचा तो फिल्टर काढ आणि सॉर्ट लाव. एका ओळीचं काम आहे.