दमटपणा सांगणारे यंत्र किती चपळ?

रेशीम कीटकांच्या खोलीत हल्ली काडेपेटीएवढे आर्द्रतामापक टांगलेले दिसते. पण त्यावरचा आकडा आत्ताचा की मघाचा? मोठ्या अळ्यांना सुमारे ७० ते ७५ टक्के आर्द्रता मानवते. खिडक्या उघडल्या तरी यंत्र जुनाच आकडा धरून बसले, तर आपण गरजेपेक्षा जास्त वारा देतो, अन् पाला सुकतो.

तेव्हा भगिनींनो, कोरड्या दिवशी यंत्राची परीक्षा घ्या. आधी खोलीतला आकडा टिपा, समजा ४५. काचेच्या बरणीत वाटीभर मीठ चिखलासारखे ओले करून ठेवा. यंत्र मिठाला न टेकवता वर लटकवा, झाकण घट्ट लावा. रात्रभरात आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्रानेही तेवढेच दाखवावे. मग यंत्र बाहेर काढून सेकंद मोजा. फरक ३० चा, त्याचे ६३ टक्के म्हणजे १९. आकडा ५६ वर यायला लागला तो प्रतिसाद-काळ. (शेवटचे अंक फार रेंगाळतात, म्हणून शास्त्रज्ञही इथेच मोजतात.)

आतला चिमुकला संवेदक सेकंदांत जागा होतो. डबीत, कोंडलेल्या हवेत मात्र मिनिटे लागतात. भोकांत धूळ बसली तर आणखी उशीर. खिडकी उघडल्यावर या काळाच्या चौपट थांबा, मगच आकडा वाचा.