९ तारखेचा खाडा

हंगाम लागला की बारामतीत माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापुरात भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या आसपास ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आलेल्या या कोयत्यांत, म्हणजे ऊसतोड जोडप्यांत, पोटुशा बायकाही असतात. त्यांना औषध लिहून देताना आपण फार कमी विचारतो, अशी माझी तक्रार आहे.

सरकारी नियम चांगला आहे. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोहाची एक गोळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शिवाय कॅल्शियमच्या दोन. पण लोह कॅल्शियमसोबत किंवा चहासोबत घेतलं, तर पुरेसं अंगी लागत नाही. अंधारात फडावर निघणारी बाई चहाच्या घोटाबरोबर सगळ्या गोळ्या उरकून टाकते. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या भाकरीसोबत आणि लोह दुपारी, खाऊन तास-दोन तासांनी, एवढं कुणी समजावून सांगत नाही. मग तपासणीत रक्त कमीच निघतं आणि दोष तिच्यावर येतो.

दुखण्याच्या गोळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. मोळ्या वाहून कंबर धरते, दुकानातून डायक्लोफेनॅक मिळते, नाहीतर दवाखान्यात त्याचीच सुई. विसाव्या आठवड्यानंतर अशा औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटू शकतं; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा इशारा दिला. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी पोटातच आकसण्याचा धोका असतो. गरज पडलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल हा त्यातला बरा पर्याय. ‘ताई, पाळी कधी आली होती?’ हे न विचारता कोणत्याही बाईला वेदनाशामक देऊ नये, दुकानदारानेही नाही.

भीतीपोटी सगळंच बंद करणंही घातक आहे. फिट्सची गोळी मनाने सोडली तर आई आणि बाळ दोघं धोक्यात येतात. व्हॅल्प्रोएटसारखी गोळी बदलायची असते, पण ती डॉक्टरांनी, शक्यतो दिवस जाण्याआधीच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ऊसतोडीत त्या दिवशी जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. माझी मागणी सरळ आहे: गरोदर बाईचा त्या दिवसाचा खाडा कारखान्याने भरावा, आणि मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीच्या हिशेबात तो धरला जाऊ नये.