भाजीचा वाफा आणि कापसाचा भाव



कापूस विकायचा क्विंटलने आणि कोथिंबीर आणायची जुडीने, तीही उधार. कोरडवाहू घरात हे वर्षानुवर्षे चालले आहे.

कोणी साहेब परसबागेचा उपदेश करू लागला की राग येतो, आणि तो खरा आहे. वांग्या-मेथीने कर्ज फिटत नाही. त्याला कापसा-ज्वारीला भावच लागतो. पण म्हणून दर आठवडी बाजाराला रोकड जाऊ द्यायची, हेही पटत नाही.

काळ्या जमिनीत सपाट वाफ्यात पावसाचे पाणी तुंबते, मुळ्या कुजतात. म्हणून गादीवाफा करावा. दोन हात रुंद, वीतभर उंच. दोन्ही बाजूंनी हात पोचावा, वर पाय पडू नये, एवढ्यासाठी ही रुंदी. तयारी मात्र उन्हाळ्यातच हवी. माती खणून तापू द्यावी, मृगाआधी कुजलेले शेणखत मिसळावे. मांडवाला पऱ्हाटी चालेल, पण बोंडे तोडून जाळून मगच. वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. भेंडीही कपाशीच्याच कुळातली, तिच्यावरही ती अळी येते. कपाशीच्या बांधाला भेंडी नको. दोडका, वाल, चवळीचे गावरान बी राखावे. संकरित वाणाचे राखलेले बी मूळ वाणासारखे उतरत नाही.

आणखी एक. वाफा बाईने खणायचा, पाणी तिने घालायचे आणि उरलेल्या भाजीचे पैसे घरधन्याच्या खिशात, असे होणार असेल तर तिच्यावर हे काम टाकूच नका. ते पैसे तिच्याच हाती राहिले पाहिजेत. जिल्हा बैठकीत यावर आधी बायांना बोलू द्या.